नॅसेल पुन्हा झुकल्या! आता यान उघडलंच आहे, तर अजून काय काय करू?

कलंडलेला_कप्तान

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून तोंड उघडतोय.

स्टार ट्रेकमधल्या पहिल्या एंटरप्राइज यानाचं १/६५० प्रमाणाचं, जुन्या साच्यातलं प्लॅस्टिक किट मी दोन वर्षांपूर्वी जोडलं होतं. लांबी साधारण ४५ सें.मी. जोडलं तेव्हा दोन्ही नॅसेल (मागच्या लांब इंजिन-नळकांड्या) पट्टी लावून समांतर केल्या होत्या. सहा महिन्यांत समोरून बघितलं तर दोन्ही बाहेरच्या अंगाला कललेल्या, डावी जरा जास्तच. सांधा उचकटून सुपरग्लू भरला. चार महिन्यांत पुन्हा तेच. परवा वैतागून पोटाचा सांधाच चाकूने उकलला. आता टेबलावर यान शवविच्छेदनाला ठेवल्यासारखं पडलंय.

मूळ प्रश्न एवढाच, की या नॅसेल कायमच्या सरळ कशा ठेवायच्या? पण यान उघडल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. उघडलंच आहे तर दिवे का नकोत? दिवे घातले तर खिडक्या कोराव्या लागतील. खिडक्या कोरल्या की रंग पुन्हा. रंग पुन्हा करायचा तर बशीवरच्या (पुढच्या गोल भागावरच्या) रेघा का सोडायच्या? हे थांबवायचं कुठे, ते जाणत्यांनी सांगावं.

फुटकळ

१९६६ पासून बिचारं 'पाच वर्षांच्या' मोहिमेवर आहे. खांदे पडणारच.

सांधेजोड

कप्तान, दोष तुमच्या हाताचा नाही, तरफेचा आहे. नॅसेलचं सगळं वजन सांध्यापासून लांब, पायलन (नॅसेल धरणारी दांडी) पातळ, आणि ती शरीरात शिरते ती जेमतेम नखाएवढ्या जिभेने. पॉलिस्टायरीनवर सतत भार राहिला की ते हळूहळू सरकतं, तुटत नाही. शेल्फ उन्हात किंवा दिव्याखाली असेल तर आणखी लवकर. म्हणून तुम्ही सांधा कितीही पक्का केला तरी त्याच्या शेजारचं प्लॅस्टिक वाकणार.

सुपरग्लू इथे चुकीचा. तो पकडतो घट्ट, पण ठिसूळ असतो, कडेने जोर आला की टकाटक सुटतो. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पातळ सिमेंट (मॉडेलचा गोंद) वापरा, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. मात्र सांध्यावर रंगाचा कण असला तरी सिमेंट तिथे काम करत नाही, आधी खरवडून पांढरं प्लॅस्टिक उघडं करा.

आणि खरा उपाय म्हणजे सांगाडा. मी असं करतो: दोन्ही पायलनच्या आतल्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, दीड-दोन मिलिमीटरची खाच कोरायची. त्यात पितळी नळी बसवायची, दोन घटकांच्या इपॉक्सीने. नळी खाली पायलनच्या बाहेर दोन-तीन सें.मी. येऊ द्यायची, म्हणजे ती पोटात शिरेल. पोटात दोन्ही नळ्या जिथे भेटतात तिथे आडवी पितळी पट्टी घालून झाळायच्या. आता उजव्या नॅसेलचं वजन डावी पेलते आणि डावीचं उजवी. प्लॅस्टिकवर काहीच येत नाही, ते फक्त कातडं.

झाळण्याआधी जाड पुठ्ठ्यावर समोरून दिसणारा कोन आखून साचा कापून घ्या आणि नळ्या त्याला चिकटपट्टीने बांधा. अंदाजाने झाळलंत तर वाकडेपणासुद्धा कायमचा होईल.

ओह्म_शांती

+१ सांधेजोड. आणि नळीच घालताय तर पोकळ घाला, वायर त्यातूनच जाईल. म्हणजे कप्तानच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पहिल्या प्रश्नानेच दिलं. ;)

जसं_आहे_तसं

बघा, सुरू झालं. माणूस पाठदुखी घेऊन आला आणि तुम्ही त्याला नवं घर बांधायला लावताय.

माझं मत सरळ आहे. खोक्यातून निघालं तसं जोडावं, सांधे नीट घासावेत, रंग स्वच्छ मारावा, झालं. माझ्याकडे अकरा यानं पूर्ण आहेत. 'सुधारणा' करणाऱ्या मित्राकडे एकोणीस आहेत, सगळी अर्धी.

भंगार_ग्रीबली

जसं_आहे_तसं यांच्या ठाम मताचा आदर आहे, पण ज्या यानांवर आपण जीव टाकतो ती तशीच भंगारातून उभी राहिलेली आहेत हो. १९७५ साली स्टार वॉर्ससाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही कंपनी सुरू झाली, तेव्हा त्यांनी बाजारातली रणगाड्यांची, युद्धनौकांची, सॅटर्न-५ रॉकेटची किट फोडून त्यांचे तुकडे यानांवर डकवले. त्यातल्या मिलेनियम फाल्कन यानाच्या अंगावरचा निम्मा खरखरीतपणा म्हणजे कुणाच्या तरी रणगाड्याची चाकं आणि इंजिनं. किट 'खोक्यातून निघालं तसं' जोडलं असतं तर फाल्कन झालंच नसतं.

त्याआधीची गंमत तर याहून भारी. स्टार ट्रेकच्या मूळ मालिकेत १९६७ मध्ये कॉन्स्टेलेशन नावाचं मोडकंतोडकं जुळं यान दाखवलंय. ते म्हणजे बाजारात मिळणारं एंटरप्राइजचं प्लॅस्टिक किटच होतं, तोडून-जाळून वापरलेलं. आणि त्याचा क्रमांक १०१७ का? तर किटमधल्या डेकलवरचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) एंटरप्राइजच्या १७०१ चे आकडेच फिरवून लावले! तेव्हा कप्तान, तुमच्या नॅसेल नाहीच सरळ झाल्या तर दोन भोकं पाडा, मेणबत्तीवर कडा भाजा, आकडे फिरवा. ऐतिहासिक अचूकता शंभर टक्के.

कलंडलेला_कप्तान

हहपुवा. हा पर्याय 'आणीबाणी' म्हणून राखून ठेवतो.

सांधेजोड, दंडवत घ्या. नळीचं पटलं. पण खाच कोरताना पायलन आरपार कापली जाणार नाही ना? खूपच पातळ आहे हो ती.

सांधेजोड

चाकूची धार नव्हे, पाठ वापरा. पात्याची पाठ प्लॅस्टिक कापत नाही, त्याची बारीक सळी खरवडून काढते. पोलादी पट्टी चिकटपट्टीने बसवायची आणि हलक्या हाताने तीस-चाळीस वेळा ओढायचं. घाई केलीत की पातं घसरून अंगठ्यात. मग गोल कानशीने खाच रुंद करायची. नळी पूर्ण बुडाली नाही तरी चालेल, निम्मी बुडाली की वरून लांबी (पुट्टी) भरून घासून टाका.

रेघारेघी

बशीवरच्या रेघांबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत: कोराच. पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या रेघा) कोरून त्यात काळपट वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडला की यान एकदम जिवंत होतं. त्याशिवाय ते प्लॅस्टिकचं ताट दिसतं.

बारीक_नजर

रेघारेघी, जरा गणित करू. बाजारातल्या साध्या कोरणीने कोरलेली रेघ कमीत कमी ०.३ मि.मी. रुंद होते. गुणिले ६५०, म्हणजे १९५ मि.मी. बशीवर जागोजागी वीतभर रुंदीचे चर खणल्यासारखं झालं ते. त्यात काळा वॉश भरला तर दुरूनही दिसतील असे नाले. १/७२ च्या लढाऊ यानावर तीच रेघ दोन सें.मी.ची होते, तिथे खपून जाते. एवढ्या लहान प्रमाणाच्या मोठ्या यानावर नाही खपत.

दुसरं, मूळ छायाचित्रणाच्या मॉडेलवर त्या रेघा कोरलेल्या नव्हत्याच, शिसपेन्सिलीने काढलेल्या होत्या. ते मॉडेल सुमारे ३.४ मीटर लांब, लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिकचं. १९७४ पासून वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे. शेवटची मोठी डागडुजी करून २०१६ च्या जुलैत पुन्हा मांडलं, आणि त्या वेळी बशीच्या वरच्या अंगाचा साठच्या दशकातला मूळ रंग मुद्दाम तसाच ठेवला. जवळून घेतलेले फोटो बघा, रेघा इतक्या फिकट आहेत की पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत.

रेघारेघी

मॉडेलवर पेन्सिल होती, मान्य. पण आपण मॉडेलचं मॉडेल करतोय की यानाचं? 'खरं' यान असतं तर त्याचे पत्रे कुठेतरी जोडलेले असतेच की. मला स्टुडिओतलं लाकूड करायचं नाहीये, मला २८९ मीटर लांबीचं यान करायचंय.

बारीक_नजर

मग तर अजूनच कोरू नका. २८९ मीटर लांबीच्या यानाच्या पत्र्यांत वीतभर फट ठेवणाऱ्या कंत्राटदाराला कोणी पुन्हा काम देईल का?

फुटकळ

देतात हो. तुम्ही बाहेर पडत नाही वाटतं फारसे.

घासूनपुसून

रेघारेघी आणि बारीक_नजर, दोघांच्या मधला मार्ग सांगते. मी पेन्सिलीनेच काढल्या, पण रोज बघताना दिसतील एवढ्या.

बशी आधी फिकट राखाडी मॅट करून घ्यायची. चकचकीत पृष्ठभागावर पेन्सिल चढत नाही, मॅटचा दाणा लागतो. मग बशी फिरत्या पाटावर ठेवायची, बरोब्बर मध्यावर. मध्य साधला नाही तर वर्तुळ शेवटी स्वतःलाच भेटत नाही, ते दुःख मी पाहिलंय. शेजारी लाकडी ठोकळ्यांची चळत, त्यावर ४एच पेन्सिल आडवी बांधायची, टोक बशीला जेमतेम टेकेल अशी. पेन्सिल हलवायची नाही. बशी फिरवायची, एकच फेरी. दुसरी फेरी मारलीत की रेघ जाड झालीच. टोक दर फेरीला सँडपेपरवर फिरवून अणकुचीदार करायचं. त्रिज्येच्या रेघांसाठी कागदाचा शंकू कापून त्यावर कोन आखले आणि कडेला टेकवून ओढल्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मग हात लावू नका! पहिल्या प्रयत्नात मी कौतुकाने बशी उचलून उजेडात धरली, आणि अंगठ्याएवढा करडा डाग पार कडेपर्यंत ओढला गेला. वॉर्निशचे दोन-तीन धुरासारखे हलके हात आधी, कौतुक नंतर.

नवशिका_७

ताई, वर्तुळ स्वतःला भेटत नाही हे वाक्य फ्रेम करून ठेवणार आहे.

माझा प्रश्न जरा बालिश आहे. मी आत्ताच सुरुवात केलीय, बंदाई कंपनीचं १/७२ चं एक्स-विंग (स्टार वॉर्समधलं लढाऊ यान) आणलंय. ते तर गोंदाशिवायच खटकन जोडलं जातं. मग तुमचं हे पुट्टी-सँडपेपर-इपॉक्सी वगैरे त्याला काहीच लागत नाही का?

घासूनपुसून

बालिश अजिबात नाही. जोडायला लागत नाही, पण तुकडे फ्रेममधून काढताना दोनदा कापा. आधी लांबून, मग उरलेला खुंट सपाट कटरने. एकदाच खेटून कापलं की प्लॅस्टिक फाटतं आणि पांढरा डाग पडतो. उरलेला उंचवटा ४००, मग ६००, मग १००० च्या सँडपेपरने. रंग मारणार असाल तर तुकडे आधी भांडी घासायच्या साबणाने धुवून वाळवा. बोटांचं तेल तरी निघतं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. खटकन बसणारे सांधे कायम ताणाखाली असतात. अशा उघड्या प्लॅस्टिकवर इनॅमलचा वॉश भरपूर ओतला की थिनर त्या ताणाच्या जागी झिरपतो आणि तुकडा आपोआप चिरतो. माझ्या एका यानाचा पंख रात्री 'टिक्' आवाज करून गळून पडला होता. आधी ग्लॉस वॉर्निशचा हात द्या, मग वॉश, तोही टोकाने, थेंबभर.

तिसरी_मिती

एवढी मेहनत कशाला? पायलन थ्रीडी प्रिंट करा, आत नळीची जागा ठेवूनच. दोन तासांचं काम.

सांधेजोड

दोन तास छपाईचे. मग थरांच्या रेघा घासायला दोन दिवस, मूळ तुकड्याशी माप जुळत नाही म्हणून पुन्हा आराखडा. त्यात छपाईची काही रेझिन (प्लॅस्टिकची द्रावणं) स्वतःच कालांतराने वाकतात. जिथे तक्रारच वाकण्याची आहे तिथे मी तरी पितळच घालीन.

तिसरी_मिती

तुमचा प्रिंटर नीट लावलेला नसेल. ०.०३ मि.मी.च्या थराला घासावं लागत नाही, दोन हात सरफेसर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पुरतो. पण नळी आत घालायचीच आहे हे मान्य, नुसत्या रेझिनवर मीही सोडणार नाही.

डेकलवेडी

जो काय वाद घालायचा तो घाला, पण रेझिन घासणार असाल तर ओलं घासा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जायला नको. बाकी चालू द्या.

कलंडलेला_कप्तान

चांगली चर्चा चाललीय, मी वह्या भरतोय. रेघा पेन्सिलीनेच, ठरलं. (रेघारेघी, रागावू नका.)

दिवे मात्र खुणावतायत. नॅसेलच्या पुढचे नारिंगी घुमट पेटलेले पाहिजेतच. विजेचं काम मी शाळेत बॅटरीला बल्ब लावला तेवढंच केलंय. ओह्म_शांती, मार्गदर्शन करा. मी असं धरलंय की आठ पांढरे एलईडी समांतर जोडायचे, ९ व्होल्टची बॅटरी, आणि सुरुवातीला एकच रेझिस्टर. बरोबर?

ओह्म_शांती

थांबा थांबा, काही जोडू नका!

एकाच रेझिस्टरवर समांतर एलईडी ही नवशिक्यांची आवडती चूक. सगळे एलईडी तंतोतंत सारखे नसतात. ज्याला किंचित कमी व्होल्ट लागतो तो जास्त प्रवाह ओढतो, तापतो, आणखी ओढतो, आणि एके दिवशी जातो. मग त्याचा वाटा उरलेल्यांवर. समांतर जोडायचे तर प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर.

हिशेब सोपा आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. ९ मधून ३.२ गेले, उरले ५.८. प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. ५.८ भागिले ०.०२ बरोबर २९० ओह्म. बाजारात मिळणारं त्याच्या वरचं नेहमीचं माप ३३०, तेच लावा, प्रवाह साडेसतराच्या आसपास येतो. मॉडेलमध्ये तेवढाही झगझगीत होतो, मी बऱ्याचदा १००० ओह्म लावून मंद करतो.

पण चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी विसराच. आठ एलईडी समांतर म्हणजे १४० मिलिअँपिअर, ती काही तासांत मान टाकेल. आणि बॅटरी बदलायला यान पुन्हा उघडणार का? स्टँडच्या नळीतून वायर खाली काढा आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा. १२ वर तीन-तीन एलईडी एकसर (एकामागे एक) जोडता येतात: तीन वेळा ३.२ म्हणजे ९.६, उरले २.४, १५० ओह्म लावला की १६ मिलिअँपिअर. ९ वर तीन एकसर पेटणारच नाहीत, ते ९.६ मागतात.

खिडक्यांसाठी प्रत्येकी एलईडी नको. ०.५ मि.मी.चे फायबर ऑप्टिक घ्या, वीस-पंचवीस धाग्यांची जुडी एका ५ मि.मी.च्या एलईडीला बांधा. ०.५ मि.मी. म्हणजे तुमच्या प्रमाणात सव्वातीनशे मि.मी.ची खिडकी, ठीक दिसते. गिरमिटाने भोक पाडायचं, धागा आतून ओवायचा, बाहेर थोडा लोंबता ठेवून रंगकाम उरकायचं, आणि शेवटी पात्याने सपाट छाटायचा. छाटलेलं टोक आपोआप उजळतं. धागा आत पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवा. सुपरग्लूने तो ठिसूळ होऊन तुटतो, वर पारदर्शक भागावर पांढरी वाफ धरते ती वेगळीच.

बारीक_नजर

पांढरा म्हणजे कुठला पांढरा तेही सांगा. निळसर पांढरे घातलेत तर यान दवाखान्यासारखं दिसतं. त्या मालिकेच्या काळाला पिवळट उबदार पांढराच शोभतो.

डेकलवेडी

आणि प्रकाश गळतो, ते कोण सांगणार? माझ्या पहिल्या दिव्याच्या यानाची बशी अख्खीच्या अख्खी कंदिलासारखी उजळली होती. पॉलिस्टायरीन प्रकाश अडवत नाही. आतून आधी काळा रंग, दोन हात. तो प्रकाश अडवतो. त्यावर पांढरा किंवा चंदेरी, तो प्रकाश परतवतो. नुसता काळा ठेवलात तर सगळा उजेड गिळतो. मग अंधाऱ्या खोलीत पेटवून बघायचं आणि जिथे गळतं तिथे ॲल्युमिनियमची पट्टी. सांध्यावर तर हमखास.

जसं_आहे_तसं

मूळ प्रश्न: "नॅसेल सरळ कशा ठेवायच्या."
सध्याची स्थिती: फायबर ऑप्टिक.

फुटकळ

_/\_

भंगार_ग्रीबली

अवांतर: जसं_आहे_तसं, अचूकतेचा विषय निघालाय तर एक विचारतो. तुमचं फाल्कन तीन पायांवर उभं आहे की पाच?

जसं_आहे_तसं

पाच. का?

भंगार_ग्रीबली

१९७७ च्या चित्रपटात तीनच होते. पाच फुटी मॉडेलला आणखी दोन पाय बसवले ते पुढच्या चित्रपटासाठी. तेव्हा 'जसं आहे तसं' म्हणजे नक्की कधी होतं तसं, हा खरा प्रश्न. :)

जसं_आहे_तसं

खोक्यात पाच होते. माझ्यासाठी विषय संपला.

डेकलवेडी

कप्तान, तुमच्या किटमधले डेकल किती जुने आहेत? पिवळे पडले असतील तर पान पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, ऊन येईल अशा बाजूला. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात टाकण्याआधी मात्र नको असलेलं एखादं डेकल घालून बघा. भुगा झाला तर सगळ्या पानावर ग्लॉस लॅकरचा एक हात द्या, मग प्रत्येक डेकल कडेने कापून घ्या.

आणि मॅट रंगावर थेट डेकल लावू नका. मॅटच्या दाण्यांत हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी झाक मारते. एवढं मोठं १७०१ बशीवर आहे, तिथे लपणार नाही. ग्लॉस, डेकल, बसवायचं द्रावण, पुन्हा ग्लॉस, मग शेवटी मॅट.

बारीक_नजर

एक मिनिट. घासूनपुसून यांच्या पद्धतीत पेन्सिलीला मॅट लागतं, तुमच्यात डेकलला ग्लॉस लागतं. क्रम?

घासूनपुसून

मॅट रंग, पेन्सिल, हलकं मॅट वॉर्निश, त्यावर ग्लॉस, डेकल, ग्लॉस, शेवटचं मॅट. वॉर्निशचे हात पातळ ठेवा, नाहीतर यान सायीसारखं जाड दिसतं.

कलंडलेला_कप्तान

वाचतोय, करतोय. थोडे दिवस गायब होतो.

*(पाच आठवड्यांनी)*

कलंडलेला_कप्तान

परत आलो. बोटं दहाच्या दहा आहेत.

नॅसेल झाल्या! सांधेजोड, पुठ्ठ्याचा साचा नसता तर काही खरं नव्हतं. पितळी सांगाडा नुसता उचलला तर छोटी गुलेल वाटते. त्यावर प्लॅस्टिक चढवलं, महिना होत आला, पट्टी लावून रोज बघतो. केसभर हललेल्या नाहीत.

दिव्यांची मात्र कहाणी झाली. वायरी नळीतून घातल्या, टेबलावर सगळं पेटलं, आनंदाने पोटाचा सांधा सिमेंटने बंद केला. दुसऱ्या दिवशी डावी नॅसेल विझलेली. यान जरा तिरकं केलं की पेटते, सरळ ठेवलं की विझते. म्हणजे डावीकडे झुकलं की उजेड, अशी ती नॅसेल जुन्या सवयीला चिकटून बसली.

ओह्म_शांती

नळीच्या तोंडाची कड घासली होती का?

कलंडलेला_कप्तान

... नाही.

ओह्म_शांती

तीच. कापलेल्या नळीच्या तोंडाला सुरीसारखी कड असते. वायरचं बारीक आवरण तिथे खरवडलं जातं. तांबं पितळेला टेकलं आणि दोन्ही वायरी नळीतून एकमेकींना भेटल्या, की शॉर्ट. टेबलावर ताण नव्हता म्हणून पेटलं. नळी कापली की कानशीने तोंड आतून-बाहेरून गोल करायचं आणि तिथे वायरीवर आक्रसणारी प्लॅस्टिकची नळी चढवायची. माझी चूक, आधीच सांगायला हवं होतं.

कलंडलेला_कप्तान

अहो, चूक कसली. पण आता पोट पुन्हा उकलायचं तर नवा सांधा, लांबी, रंग, सगळं गेलं. म्हणून मी डावीकडे, पायलनच्या मुळाशी, नखाएवढी खिडकी कापली. तिथून चिमट्याने वायरी बाहेर ओढल्या, नवीन झाळल्या. डावी पेटली. पण आता त्या वायरी आत मावत नाहीत. डाव्या कुशीत भोक आणि त्यातून दोन वायरी लोंबतायत. बुजवायला गेलो तर पुन्हा चिमटून शॉर्ट व्हायची भीती. दोन दिवस नुसता बघत बसलोय.

बारीक_नजर

कप्तान, डावी बाजू म्हणालात ना? मग भोक बुजवू नका.

संग्रहालयातल्या त्या मूळ मॉडेलच्याही डाव्या बाजूनेच वायरी आत जायच्या. त्यामुळे डावी बाजू त्यांनी कधी पूर्ण केलीच नाही, ना खिडक्यांचे दिवे, ना खुणा. सगळं चित्रण उजवीकडून. डावी बाजू दाखवायची वेळ आली की उजव्या बाजूलाच उलटे आकडे लावायचे आणि फिल्म उलटवायची. रेघारेघी, तुमचं २८९ मीटरचं यान करायचं तर भोक बुजवावं लागेल. स्टुडिओतलं लाकूड करायचं तर ते तिथेच हवं.

रेघारेघी

आता एवढ्यापुरतं लाकूड चालेल म्हणतो.

भंगार_ग्रीबली

पडद्यावर भव्य, मागे वायरींचा गुंता. यालाच तर मॉडेल म्हणतात राव.

जसं_आहे_तसं

एक कबूल करतो. हे वाचून माझं बारावं किट काढलं आणि पायलनमध्ये नळी घातली. फक्त नळी. दिवे नाहीत. याचा कुठे उल्लेख करू नये.

फुटकळ

धाग्याचा दुवा जतन केला आहे.

कलंडलेला_कप्तान

बारीक_नजर, तुमचा प्रतिसाद वाचून मी तासभर हसत होतो. ठरलं मग. भोकाच्या कडा नीट चौकोनी घासल्या, वायरी काळ्या नळीत घेतल्या आणि स्टँडच्या मागून खाली सोडल्या. डाव्या बाजूच्या खिडक्या कोरायच्या राहिल्या होत्या, त्या कोरत नाही. फायबरचे सतरा धागे उरले, ते उजव्या बाजूला वाढवले.

एकच घोळ उरलाय, तो आत्ता फोटो डकवताना दिसला. बशीच्या कडेचे दिवे. लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे हवा ना, जहाजासारखा? माझे उलटे लागलेत. बशी चिकटवून झालीय.

बारीक_नजर

फिल्म उलटवा.

ओह्म_शांती

चिकटवण्याआधी काही खूण केली नव्हती का वायरींना? असो. बशी उघडू नका. उजव्या दिव्यावर हिरवा आणि डाव्यावर लाल पारदर्शक रंग मारून भागणार नाही, लाल एलईडीतून हिरवा निघत नाही. दिवे बाहेरून दिसणाऱ्या टोपणाखाली आहेत की बशीच्या आत? टोपण असेल तर ते पात्याच्या टोकाने अलगद उचकटता येईल. जवळून एक फोटो टाका, मग बघू.